जाळें सोडविणारे आणि जाळें विणणारे

परीक्षांचा हंगाम जवळ आला, कीं नाशकांतील ज्या घरीं कोणी विद्युत्-अभियांत्रिकीचें शिक्षण घेत आहे, त्या घरीं एक संवाद हटकून कानीं पडतो. आई विचारते, "सगळा अभ्यास झाला ना रे?" चिरंजीव उत्तर देतात, "नेटवर्क सिंथेसिस तेवढें सोडलें आहे. त्याला पर्याय असतो. आणि पुढें त्याचा उपयोग तरी काय?" वडील वर्तमानपत्रांतून मान वर काढून म्हणतात, "खरें आहे. नोकरीला लागेल तेवढें मात्र नीट कर." प्रकरण मिटतें. ज्या विषयावर किरखॉफपासून शॅननपर्यंतच्या माणसांनीं जवळजवळ शंभर वर्षें बुद्धि झिजविली, त्याचा निकाल आमच्या मध्यम वर्गाच्या माजघरांत तीन वाक्यांत लागतो, आणि कोणास त्याची खंतहि वाटत नाहीं.

आम्हांस ती वाटते, आणि ती कां वाटते हें सांगण्यासाठींच हा लेख आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: दुसऱ्यानें विणून दिलेलें जाळें सोडविण्याची विद्या आम्ही आमच्या मुलांस शिकवितों, परंतु आपल्याला हवें तसें जाळें विणतां येईल कीं नाहीं, आणि येत असल्यास कसें, हें ठरविण्याची विद्या आम्ही त्यांच्या ताटांतून काढून घेतों. आणि हें आम्ही अशा शहरांत करतों, कीं ज्याच्या सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत विजेचीं उपकरणें घडविण्यावर कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ चालतो. ज्या गांवची भाकरी विजेवर भाजली जाते, त्या गांवानें विजेच्या गणितास 'ऐच्छिक प्रश्न' म्हणून सोडून द्यावें, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाहीं.

प्रथम जाळें म्हणजे काय तें पाहूं. तारा, खांब, दिवे व यंत्रें यांचा पसारा म्हणजे विजेचें जाळें, अशी सामान्य समजूत आहे, व ती चुकीची नाहीं. पण ती अपुरी आहे. १८४५ सालीं कोनिग्सबर्ग येथें शिकणाऱ्या गुस्टाफ किरखॉफ नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें दोन नियम मांडले. सांध्यावर जितका प्रवाह येतो तितकाच तेथून निघून जातो, हा एक. आणि कोणताहि बंद फेरा घेऊन मूळ ठिकाणीं परत आलें असतां विद्युद्दाबाचे चढ व उतार यांची बेरीज शून्य होते, हा दुसरा. पहिला नियम घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या गृहिणीचा आहे. दुसरा ब्रह्मगिरि चढून पुन्हा त्र्यंबकास उतरणाऱ्या यात्रेकरूचा. १८४७ सालीं त्याच किरखॉफनें पुढचा प्रश्न विचारला: अशा फेऱ्यांपैकीं एकमेकांपासून स्वतंत्र असे फेरे किती? त्याचें उत्तर असें: सर्व सांधे जोडले जातील, पण एकहि फेरा पुरा होणार नाहीं, अशा शाखा आधीं निवडा. या निवडीस आज गणितांत 'झाड' म्हणतात. उरलेली प्रत्येक शाखा या झाडाशीं मिळून एकेक नवा फेरा देते. सांधे १० आणि शाखा १५ असतील, तर झाडांत ९ शाखा येतात, उरतात ६, आणि स्वतंत्र फेरेहि ६ च. यांत तार तांब्याची आहे कीं ॲल्युमिनियमची, हें कोणीं विचारलें नाहीं. वस्तु बाजूस झाली आणि आकार तेवढा शिल्लक राहिला. जाळ्याचें गणिती रूप म्हणतात तें हेंच.

आतां, जाळें पुढें ठेवलें असतां त्याच्या कोणत्या शाखेंत किती प्रवाह वाहील, हें काढण्यास पृथक्करण म्हणतात. उलट, "अमुक वागणूक असलेलें जाळें मला पाहिजे" अशी मागणी पुढें ठेवली असतां तसें जाळें रचून देण्यास संश्लेषण म्हणतात. पुरणाची पोळी खाऊन तींत वेलदोडा पडला आहे कीं जायफळ, हें ओळखणें ही एक विद्या. डाळ, गूळ आणि कणीक समोर ठेवून सांगितल्याबरहुकूम पोळी करून दाखविणें ही दुसरी. आणि "एवढ्या साहित्यांत अशी पोळी होणेंच शक्य नाहीं" हें चूल पेटविण्यापूर्वीं सप्रमाण सांगतां येणें, ही तिसरी व सर्वांत दुर्मिळ. आमच्या शिक्षणांत पहिलीचा सुकाळ आहे, दुसरीचें पाठांतर आहे, आणि तिसरीचें नांवहि नाहीं.

हें सारें आकाशांतलें वाटूं नये, म्हणून ज्यास भागाकार येतो त्या कोणासहि करून पाहतां येईल असें एक उदाहरण देतों. समजा, आपल्याजवळ केवळ एकेक ओहमचे रोधक आहेत, आणि आपणांस सतरा-पंचमांश, म्हणजे ३.४ ओहमचा रोध पाहिजे आहे. रोधक एकसरी जोडले तर रोधांची बेरीज होते. समांतर जोडले तर रोधांच्या व्यस्तांची बेरीज होते, एवढें शाळेंत शिकलेलें आठवावें. आतां १७ ला ५ नें भागा: भाग ३, बाकी २. मग ५ ला त्या २ नें भागा: भाग २, बाकी १. मग २ ला १ नें भागा: भाग २, बाकी शून्य. भाग आले ३, २, २. हेच आपलें जाळें! तीन रोधक एकसरी ठेवा. त्यांच्या पुढें दोन रोधक एकमेकांशीं समांतर ठेवा. आणि त्या दोहोंशींच समांतर अशी दोन एकसरी रोधकांची एक ओळ ठेवा. ताळा पाहावयाचा, तर शेवटाकडून या. शेवटच्या ओळीचा रोध २, त्याचा व्यस्त अर्धा. त्यांत समांतर दोहोंचे २ मिळविले म्हणजे अडीच. अडीचाचा व्यस्त दोन-पंचमांश. त्यांत पहिले ३ मिळविले, कीं सतरा-पंचमांश. सात रोधकांत काम झालें.

याचीच दुसरी बाजू पाहा. १७ हात लांब व ५ हात रुंद असें कापड घेऊन त्याचे चौरस तुकडे पाडीत जा. पांच-पांच हातांचे ३ निघतील, दोन-दोन हातांचे २, आणि एकेक हाताचे २. म्हणजे पुन्हा सातच. हा योगायोग नव्हे. ब्रुक्स, स्मिथ, स्टोन व टट या केंब्रिजच्या चार विद्यार्थ्यांनीं आपल्या १९४० च्या निबंधांत आयताचे चौरस पाडणें आणि विजेचें जाळें रचणें या दोहोंचें गणित एकच असल्याचें दाखविलें, व एकाचीं उत्तरें काढण्यासाठीं दुसऱ्याचे नियम वापरले.

कोणी म्हणेल, एवढें शास्त्र कशाला? रोधक जोडून जोडून पाहावे, केव्हां तरी सांपडेलच. तर मग हेंहि ऐकून ठेवावें. पर्सी मॅकमहॉन यानें १८९२ सालीं सारख्या रोधकांच्या केवळ एकसरी व समांतर जोडण्या किती होतात तें मोजलें. तीन रोधकांच्या ४ होतात, चारांच्या १०, सातांच्या १८०, आणि दहांच्या ४,६२४. चाचपडत शोधणाऱ्याचें आयुष्य सरेल. भागाकार करणारा तीन ओळींत मोकळा होतो.

येथवर वाचून आमच्या वाचकांपैकीं जे लीलावतीशीं परिचित आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचें स्मित आलें असेल. मोठ्या संख्येस लहानीनें भागावें, मग लहानीस बाकीनें भागावें, असें करीत जावें आणि येणारे भाग एकाखालीं एक मांडून 'वल्ली' करावी, ही कुट्टकाची रीत. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें कुट्टक सांगितला. भास्कराचार्यांनीं १२ व्या शतकांत त्यास सुबक रूप दिलें. आमच्या नाशिक विभागांतच, खानदेशांत चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, व त्यास मिळालेल्या दानाचा १२०७ सालचा शिलालेख तेथें सांपडला. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून नातवानें मठ काढावा आणि तेथील राजकुळानें त्यास उत्पन्न लावून द्यावें, अशी ही भूमि!

परंतु येथेंच आम्हांस एका पक्षाशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. "बघा, विजेचें गणितहि आमच्याच ग्रंथांत होतें" असें म्हणण्यास जे आतां सरसावले असतील, त्यांस आमची हात जोडून विनंति आहे, कीं त्यांनीं क्षणभर थांबावें. भास्कराचार्यांपुढें ग्रहगणितांतले प्रश्न होते. रोधक नव्हता, वेटोळें नव्हतें, विजेचा प्रवाह नव्हता. सारखी आहे ती भागाकाराची परंपरा. तिच्यावरून एवढेंच सिद्ध होतें, कीं ही विद्या आमच्या मुलांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. वल्लीचा अभिमान मिरवावा आणि तिच्यावर उभें राहिलेलें जाळें मात्र परीक्षेंत ऐच्छिक म्हणून सोडावें, हा कुळाचा अभिमान नव्हे. ही वाडवडिलांच्या तसबिरीला हार घालून त्यांची पोथी रद्दींत घालण्याची रीत झाली.

आतां पुढचें पाऊल. जाळ्यांत रोधकाबरोबर वेटोळें व धारित्र आलें, कीं अडथळा हा एक ठराविक आंकडा राहत नाहीं. प्रवाहाच्या वारंवारतेप्रमाणें तो बदलतो. म्हणून संख्येच्या जागीं अपूर्णांक येतो, आणि त्याच्या अंशस्थानीं व छेदस्थानीं बहुपदी असतात. गंमत ही, कीं भागाकार मात्र तोच! रोनाल्ड फॉस्टर यानें १९२४ मध्यें केवळ वेटोळीं व धारित्रें असलेल्या जाळ्यांचा नियम सांगितला: अशा जाळ्याचीं शून्यस्थानें व अनंतस्थानें एकाआड एकच पडतात. विल्हेल्म काउअर यानें १९२६ च्या आपल्या बर्लिनच्या प्रबंधांत बहुपदींच्या त्याच क्रमिक भागाकारानें शिडीच्या आकाराचीं जाळीं रचून दाखविलीं; प्रत्येक भाग म्हणजे शिडीची एक पायरी, एकदां वेटोळें व एकदां धारित्र. हा थोर गणिती १९४५ च्या एप्रिलांत बर्लिनच्या पाडावाच्या गोंधळांत सोव्हिएत शिपायांच्या गोळीस बळी पडला.

आणि १९३१ मध्यें ओटो ब्रून या दक्षिण आफ्रिकेंतून अमेरिकेंत शिकावयास गेलेल्या तरुणानें मूळ प्रश्नच सोडविला. रोधक, वेटोळीं, धारित्रें व रोहित्रें यांचें जाळें करून कोणती वागणूक मिळूं शकते, आणि कोणती कधींच मिळणार नाहीं? त्यानें जी अट सांगितली तिचा गणिती तपशील येथें देत नाहीं. तिचा मतलब मात्र प्रत्येक गृहस्थास कळेल असा आहे. ज्या जाळ्यांत विजेचा उगम नाहीं, तें जाळें आपल्याला मिळाली त्याहून अधिक ऊर्जा परत देऊं शकत नाहीं. मिळकतीबाहेर खर्च नाहीं, एवढीच अट! पण ती नुसती आवश्यक नव्हे, पुरेशीहि आहे. जी मागणी ही अट पाळते, तिचें जाळें ब्रूनच्या रीतीनें विणून देतां येतें. जी पाळीत नाहीं, तिच्यामागें धांवणाऱ्या कारागिराचा जन्म फुकट जाईल. ब्रूनच्या रीतींत रोहित्रें लागत. १९४९ मध्यें राउल बॉट व रिचर्ड डफिन यांनीं जेमतेम एका पानाच्या टिपणांत रोहित्रांवांचून काम भागतें असें सिद्ध केलें. हा बॉट मूळचा अभियंता. पुढें तो विसाव्या शतकांतल्या नामांकित गणितज्ञांत गणला गेला. जाळीं विणण्याची विद्या माणसाची बुद्धि कोठवर नेते, याचा हा एक दाखला.

आतां विरोधकांचें ऐकूं. पहिला पक्ष व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, "आमच्या कारखान्यांत बहुपदी लागत नाहींत, पकड आणि परीक्षादीप लागतो." उत्तरादाखल त्यांनीं आपल्याच घराच्या जिन्याकडे पाहावें. खालच्या व वरच्या अशा दोन्ही ठिकाणांहून लावतां व मालवतां येणारा दिवा आज घरोघर आहे. तीन मजले असले आणि तिन्ही ठिकाणीं बटण पाहिजे असलें, तर? तीन बटणांच्या मिळून ८ स्थिति होतात. त्यांपैकीं ज्या चार स्थितींत 'वर' असलेल्या बटणांची संख्या विषम असेल त्यांत दिवा लागावा, म्हणजे कोणतेंहि एक बटण फिरविलें तरी दिव्याची अवस्था पालटते. या चार स्थिति एकेक करून जोडल्या तर १२ संपर्क लागतात. बीजगणितानें तेंच काम ८ संपर्कांत होतें. चार ठिकाणीं बटण पाहिजे असेल, तर साध्या मांडणीस ३२ लागतात, बीजगणितास १२. आमचा वायरमन जिन्यांतलें मधलें बटण बिनचूक बसवितो, हें खरें, व त्याच्या हाताविषयीं आम्हांस आदरच आहे. पण तें बटण त्याच्या हातांत कोणीतरी विचार करून दिलें आहे.

हें बीजगणित कोणाचें? जॉर्ज बूल यानें १८५४ च्या आपल्या ग्रंथांत विचारांचे नियम म्हणून तें मांडलें. विजेशीं त्याचा कांहीं संबंध असेल हें त्याच्या स्वप्नींहि नसेल. १९३७ मध्यें क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपल्या पदव्युत्तर प्रबंधांत दाखविलें, कीं एकसरी जोडलेलीं बटणें म्हणजे 'आणि', समांतर जोडलेलीं म्हणजे 'किंवा'. म्हणून रिले व बटणें यांचें कोणतेंहि जाळें समीकरणांत लिहितां येतें, समीकरण सोपें करतां येतें, आणि सोप्या समीकरणावरून पुन्हा सोपें जाळें रचतां येतें. तो प्रबंध १९३८ मध्यें छापून आला. त्याच दशकांत जपानांत नाकाशिमा व रशियांत शेस्ताकोव्ह हेहि आपापल्या वाटेनें तेथेंच पोंचले होते. सातपूर-अंबडांत जीं स्विचगियरचीं कपाटें तयार होतात, त्यांच्या नियंत्रणाचें हें व्याकरण आहे. व्याकरण न शिकतां भाषा बोलतां येते, हें आम्हांस मान्य. पण परक्याच्या पत्राची नक्कल करणें म्हणजे बोलणें नव्हे.

दुसरा पक्ष म्हणतो, "आतां हें सगळें संगणक करतो." या युक्तिवादाचें आम्हांस नवल वाटतें. संगणकाच्या अंतरंगांत जें आहे, तें शॅननच्या त्या संश्लेषणाचेंच अपत्य. मुलगा मिळविता झाला म्हणून बापास घराबाहेर काढावें, अशांतला हा प्रकार आहे. शिवाय संगणक दिलेला प्रश्न सोडवितो. कोणता प्रश्न विचारावयाचा, तें तो ठरवीत नाहीं. हजारों शाखांचें जाळें संगणकास द्यावयाचें तरी तें कोठें तोडून, कोणत्या तुकड्यांनीं द्यावें, हा स्वतंत्र गणिताचा विषय आहे. आणि त्यावरचा एक जगन्मान्य ग्रंथ आमच्याच महाराष्ट्रांत, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत लिहिला गेला आहे. तेथील प्रा. एच. नारायणन यांचा विजेच्या जाळ्यांवरील हा इंग्रजी ग्रंथ १९९७ मध्यें प्रसिद्ध झाला. नाशकाहून मुंबईस जातांना आमच्या किती पदवीधरांस त्याची आठवण होत असेल?

"विषय मेलेला आहे" असें म्हणणाऱ्यांनीं तर आणखी एक हकीकत ऐकावी. यंत्रशास्त्रांतल्या स्प्रिंगा व धक्काशोषक यांचें गणित विजेच्या जाळ्याशीं पदोपदीं जुळतें: प्रवाहाच्या जागीं बल, विद्युद्दाबाच्या जागीं वेग, वेटोळ्याच्या जागीं स्प्रिंग, रोधकाच्या जागीं धक्काशोषक. धारित्राच्या जागीं वस्तुमान येतें, पण एक अडचण पडते; त्याचें एक टोंक नेहमीं जमिनीशींच बांधलेलें असतें. त्यामुळें बॉट व डफिन यांचीं जाळीं यंत्रांत जशींच्या तशीं उतरेनात. केंब्रिजचे माल्कम स्मिथ यांनीं हें न्यून हेरलें आणि दोन्ही टोंकें मोकळीं असलेलें एक नवें साधन कल्पिलें. दांतेरी पट्टी, चाक व जडचक्र यांचें तें बनतें. २००२ मध्यें त्यांनीं तें जगापुढें मांडलें, व २००५ मध्यें तें मॅक्लारेनच्या शर्यतीच्या मोटारींत बसलें. गणिताच्या कोष्टकांत एक घर रिकामें दिसलें, म्हणून ही वस्तु जन्मास आली. मोटारी तर नाशकांतहि बनतात. कोष्टकांतलें रिकामें घर पाहण्याची दृष्टि मात्र आम्हीं पर्यायी प्रश्नांत टाकली आहे.

तिसरा पक्ष सर्वांत सौम्य, आणि म्हणूनच सर्वांत घातक. तो म्हणतो, "हें आमच्या मुलांना झेपणार नाहीं. फॉस्टरचीं दोन रूपें आणि काउअरचीं दोन रूपें पाठ करून घ्यावीं, दहा गुण पदरांत पाडावे." परीक्षेच्या तयारीचीं जीं पुस्तकें बाजारांत विकलीं जातात, त्यांत हा विषय याच स्वरूपांत आढळतो: सूत्र, आकृति, सोडविलेलें उदाहरण, पुन्हा सूत्र. ब्रूनची अट कोठें छापलेली असली, तरी ती कां लागते हें विचारण्यास सवड नसते. म्हणजे जी विद्या "हें शक्य आहे काय?" या प्रश्नापासून सुरू झाली, तिच्यांतून नेमका तोच प्रश्न काढून टाकिला, आणि उरलेलें टरफल मुलांपुढें ठेवून म्हटलें, कीं फळ कडू आहे!

झेपणार नाहीं म्हणणाऱ्यांनीं नाशकापासून फार दूर जाऊं नये; देवळालीपर्यंत जावें. तेथें दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेंत मास्तर होते. प्रयोगशाळा नाहीं, पदव्युत्तर पदवी नाहीं. हातांत खडू व डोक्यांत संख्या. कोणत्याहि संख्येंत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी, म्हणजे नवी संख्या जन्मते: १५ मध्यें ६ मिळविले, २१ झाले. त्यांनीं प्रश्न विचारला, कीं अशा रीतीनें कोणत्याच संख्येपासून जन्म न पावणाऱ्या संख्या कोणत्या? २० ही तशी एक, ३१ दुसरी. त्यांस त्यांनीं 'स्वयंभू' म्हटलें. 'देवळाली संख्या' या नांवानेंहि त्या ओळखल्या जातात. वाचकांनीं नीट पाहावें: या रीतीनें काय निर्माण होऊं शकतें आणि काय होऊं शकत नाहीं, हा देवळालीच्या मास्तरांचा प्रश्न आणि ब्रूनचा प्रश्न यांची जात एकच आहे. येथील पंडितांनीं त्यांचें काम बरींच वर्षें पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेलें. १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर यानें अमेरिकन मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांची कीर्ति सर्वत्र झाली. म्हणजे आमच्या मुलांना झेपत नाहीं हें खरें नाहीं. आम्हां वडिलांना पारख नाहीं, हें खरें आहे.

प्रतिपक्षास न्याय द्यावयाचा तर दोन गोष्टी आम्ही मोकळेपणीं कबूल करतों. नोकरी करणाऱ्या दहा अभियंत्यांतल्या नवांना ब्रूनची रीत कागदावर चालविण्याचा प्रसंग जन्मांत येणार नाहीं. आणि ज्यानें कधीं हातांत तार धरली नाहीं, त्याचें संश्लेषणाचें ज्ञान लंगडेंच राहील. परंतु पहिल्या मुद्द्यास आमचें उत्तर असें, कीं वकिलास लघुसिद्धान्तकौमुदी लागत नाहीं म्हणून संस्कृत शिकलेला वकील वाईट लिहितो असें कोणी म्हणत नाहीं. विद्येचा संस्कार तिच्या उपयोगाहून लांबवर पोंचतो. आणि दहांतल्या त्या दहाव्या माणसाचें काय? तो जर नाशकांत निर्माण झाला नाहीं, तर तो जेथें होईल तेथून नकाशे येतील, व उरलेले नऊजण ते जन्मभर वाचीत बसतील. दुसऱ्या मुद्द्याशीं तर आमचें भांडणच नाहीं. सात रोधक आणि एक मापकयंत्र यांस खर्च तो किती? कारखान्यांतला हात आणि वहींतला भागाकार यांची गांठ घालून देणें, एवढेंच आम्ही मागतों.

मागणीहि आमची माफक आहे. शिक्षकांनीं चार रूपें शिकविण्यापूर्वीं एक तास सतरा-पंचमांशास द्यावा, आणि दुसरा तास "कोणती मागणी पुरी होणारच नाहीं" या प्रश्नास द्यावा. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीं "हें जाळें सोडवा" या दहा प्रश्नांबरोबर "असें जाळें विणा, अथवा विणतां येणार नाहीं हें सिद्ध करा" असा एक प्रश्न घालावा, व त्यास पर्याय ठेवूं नये. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेंत राजकारण, अर्थकारण, साहित्य यांवर दरवर्षीं व्याख्यानें होतात. एक संध्याकाळ जाळ्यांच्या गणितास, शुद्ध मराठींत, मिळावी. १८४० पासून चालत आलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयानें या विषयावरचीं पुस्तकें एका फळीवर एकत्र मांडावीं. यांतलें कांहींच सरकारच्या अनुदानावांचून अडत नाहीं.

आणि सर्वांत शेवटची मागणी वाचक मातापित्यांकडे आहे. पुढल्या वेळीं मुलगा म्हणेल, "तेवढें सोडलें आहे, त्याचा उपयोग काय?" तेव्हां वर्तमानपत्र खालीं ठेवावें, कागद घ्यावा, आणि त्याला १७ ला ५ नें भागावयास सांगावें. भाग कोठें मांडले जातात तें त्याचें त्यालाच दिसूं द्यावें. नोकरीचा विचार त्यानंतर करावयास भरपूर वेळ आहे.